लेपाखालची ओळ

शमीम मुकादम उपचार केंद्राच्या पायऱ्यांशी आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि हेमांगी शिंत्रे मागच्या मोरीत ब्रश धूत होती. शिपायाने नाव सांगितलं तेव्हा हेमांगीला वाटलं, ही गयावया करायला आली असणार. शमीमचा नवरा इस्माईल नऊ महिन्यांपासून कोठडीत होता. कोळंबीच्या कारखान्यात अमोनियाची गळती झाली त्या दिवशी मशीनवर तोच होता. त्याने भोंगा उशिरा वाजवला आणि म्हणून सात बायका गेल्या, असा त्याच्यावर आरोप होता. त्या सातांत हेमांगीची धाकटी बहीण रेवती होती.

शमीमने गयावया केली नाही. तिच्या हातात हेमांगीच्या प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स होती, घामाने मऊ झालेली.

"बाई, यात तुम्ही लिहिलंय की रेवती फोनवर म्हणाली, दार उघडलंय. पण त्या दिवशी दवाखान्याच्या आवारात तुम्ही माझा हात धरून सांगितलं होतं, की ती म्हणाली, दार बाहेरून लावलंय. माझ्या हातावर तुमची नखं उमटली होती. खोटं का लिहिलंत, एवढंच विचारायला आलेय."

हेमांगीने शांतपणे सांगितलं की आपण दवाखान्यात कुणाशी बोललोच नव्हतो. तिला तो दिवस स्वच्छ आठवत होता. बदामाच्या झाडाखालचा सिमेंटचा बाक, त्यावर ती एकटी, आणि कानात रेवतीचा शेवटचा आवाज, जराही न घाबरलेला. तिने हे सगळं शमीमला सांगितलं. बोलताना तिचा आवाज एकदाही अडखळला नाही.

शमीम तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग होता. तो हळूहळू उतरला आणि तिथे दुसरंच काही तरी आलं. ती एक पायरी मागे सरकली.

"तुम्ही खोटं बोलत नाही आहात," ती म्हणाली. "तुम्हाला खरंच आठवत नाही."

ती गेल्यावर हेमांगी पुन्हा मोरीत आली आणि ब्रश हातात घेऊन नुसती उभी राहिली. आरोप करणारी माणसं तिने पाहिली होती. आपल्याला घाबरलेलं माणूस तिने पहिल्यांदाच पाहिलं.

भाटवेळ हे खाडीच्या तोंडाशी वसलेलं छोटं बंदर. होड्या आता विजेवर चालायच्या, जाळी फेकायची जागा उपग्रह सांगायचा, पण कोळंबी सोलायला अजूनही बायकांचीच बोटं लागायची. कारखान्यात अठरा बायकांची एक पाळी असे आणि त्यांच्यातलीच रेवती पाळीचा माल तपासायची. गोठवणाऱ्या मशीनमधला अमोनिया पाईप फुटून सुटला तेव्हा त्यांच्या हातात काही मिनिटंच होती. हा वायू आधी डोळे मिटवतो आणि मग घसा. अकरा जणी वाचल्या, सात गेल्या. रेवतीने आतून बहिणीला फोन केला होता आणि तो बावन्न सेकंद चालला होता. त्यावर काय बोलणं झालं हे हेमांगीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

इस्माईल पहिल्या दिवसापासून सांगत होता की भोंगा मी वेळेवर वाजवला, मशीनच्या खोलीतून बाहेर पडून बायकांच्या दाराकडे धावलो, दाराला बाहेरून कुलूप होतं. कारखान्याचं म्हणणं होतं की दाराला कुलूप कधीच नसे. आत जायची वाट रुंद करायला बचावपथकाने ते दार पहारीने उखडून काढलं होतं आणि कुलूप कुणाला सापडलं नव्हतं. चौकशी आयोगाचं काम सुरू व्हायला आठ महिने लागले. तोवर वाचलेल्या बायकांचे घसे बरे झाले होते, आणि त्या अकराही जणींनी एकच सांगितलं: दार उघडं होतं. मेलेल्या रेवतीच्या सख्ख्या बहिणीनेही तेच लिहून दिलं. इस्माईलवर विश्वास ठेवायला मग कुणी उरलंच नाही.

त्या अकरा जणी आणि हेमांगी, सगळ्यांवर याच केंद्रात उपचार झाले होते.

डॉ. पराग केळुसकर पुण्याहून हे केंद्र घेऊन आले ते अपघातानंतर सहाव्या आठवड्यात. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे, हे ते प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगत. माणूस एखादी गोष्ट आठवतो तेव्हा मेंदूतले तिचे दुवे थोडे सैल होतात आणि मग नव्याने घट्ट व्हावे लागतात. मधल्या पाच-सहा तासांत ती आठवण ओल्या मातीसारखी असते. त्या वेळी तिच्यात जे मिसळेल ते तिच्याबरोबरच वाळतं. डॉक्टरांकडे एक गोळी होती, तिने ही ओल जास्त वेळ टिकायची. आणि त्यांच्याकडे लेप होता.

लेप म्हणजे पारदर्शक, खळीसारखा पदार्थ, त्यात डोळ्यांना न दिसणारे कण. लाकडी फळीवर तो थापायचा. फळीखाली एक पातळ पत्रा आणि रुग्णाच्या कपाळाला पट्टा. रुग्ण ती भयंकर गोष्ट आठवू लागला की पट्टा मेंदूतली खळबळ टिपायचा आणि लेप त्या प्रमाणात काळवंडायचा. मग रुग्णाने त्या काळ्या डागांवर काम करायचं. रंग लावायचा, वाळू चिकटवायची, कापड, गंज, जाळ्याचा दोरा, मेलेल्या माणसाच्या वस्तूचा तुकडा, जे हाताला येईल ते. हाताने काम होत असताना आठवण मवाळ व्हायची. पुढच्या बैठकीला लेपावरचा डाग फिका असायचा. सात-आठ बैठकांत फळी स्वच्छ व्हायची आणि माणूस झोपू लागायचा.

हेमांगी ही इथली पहिली रुग्ण. ती गावच्या हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायची. बहीण गेल्यावर तिला फोनची घंटा सहन होईना, शाळेची घंटासुद्धा सहन होईना. आठ बैठकांत ती बरी झाली. तिचा हात चांगला होता म्हणून डॉक्टरांनी तिला बाकीच्या बायकांना मदत करायला ठेवून घेतलं. तिची फळी सर्वांत आधी स्वच्छ झालेली, म्हणून ती मोठ्या खोलीत समोरच्या भिंतीवर लावली होती. पांढरा-निळा उजेड, त्यात सताड उघडं दार आणि दारातून बाहेर येणारी पाठमोरी मुलगी. मुलीचा पोशाख म्हणून रेवतीच्या हिरव्या ओढणीचा तुकडा चिकटवला होता.

शमीम गेल्यानंतर हेमांगी त्या फळीसमोर जाऊन उभी राहिली. सातव्या-आठव्या बैठकीचं काम तिला नीट आठवत होतं. पहिल्या बैठकीचं आठवायला गेली तर फक्त गोळीची कडू चव आठवली.

ओढणीच्या तुकड्याची एक कड किंचित उचलली गेली होती. तिच्याखाली काळं दिसलं. हेमांगीने नखाने खरवडून वास घेतला. डांबर होतं ते, होड्यांच्या तळाला फासतात तसलं, आणि चांगलं बोटाच्या पेराएवढं जाड. केंद्रात गोंदाचे पंधरा डबे असताना मलमली ओढणी चिकटवायला आपण डांबर का घेतलं असेल, हे तिला कळेना. ती तिथून बाजूला झाली. मग परत आली.

लेप आतून सुकला की नाही हे बघायला केंद्रात एक छोटा इन्फ्रारेड कॅमेरा होता. त्या किरणांना पांढऱ्या रंगाच्या आरपार दिसतं आणि खालची पेन्सिल उठून येते, हे तिला कॉलेजपासून ठाऊक होतं. जुन्या चित्रांखालची कच्ची रेखाटनं अशीच शोधतात. तिने दार लोटून घेतलं आणि कॅमेरा फळीवर धरला.

पडद्यावर उजेड नव्हता. उघडं दारही नव्हतं. दाराच्या जागी घट्ट बंद चौकट होती आणि तिच्यावर पेन्सिलीने इतक्या रेघा मारल्या होत्या की लाकडाला चरे पडले होते. तिच्याखाली अक्षरं होती. 'ताई, दार बाहेरून' एवढं वाचता आलं. पुढे डांबर सुरू होत होतं आणि त्यातून कॅमेऱ्याला काहीच दिसत नव्हतं.

'ताई'तल्या 'त'चा काना वरून जरा वाकलेला होता. शाळेच्या फळ्यावर वीस वर्षं तो तसाच वाकत आला होता. हेमांगीने कॅमेरा खाली ठेवला. मग ती स्वतःला म्हणाली, आठव. डोळे मिटून तिने तो फोन आठवला. रेवती म्हणाली, ताई, दार उघडलंय, मी बाहेर पडतेय, फोन ठेव. आवाज तोच, शब्द तेच, मागे बायकांच्या बोलण्याची कुजबुजसुद्धा तीच. कुठेही फट नव्हती. तिला दरदरून घाम फुटला तो यामुळे. हे खोटं असेल तर खरं नेमकं असंच दिसतं. मग आणखी काय काय असंच आहे? वडील गेले तेव्हा आपण त्यांच्याजवळ होतो ना? लग्न मोडलं ते आपणच मोडलं ना? ती एकेक आठवण उचलून पाहू लागली, आणि प्रत्येक तितकीच स्वच्छ निघाली.

डॉक्टर केळुसकरांनी पडद्यावरची अक्षरं पाहिली आणि ते खुर्चीत बसले. ते लबाड माणूस नव्हते. बैठकांचे फोटो रुग्णांच्या खासगीपणासाठी आपण कधीच ठेवले नाहीत, हे त्यांनी आधी सांगितलं. मग त्यांनी ठामपणे सांगितलं की कुणाच्याही डोक्यात मी उघडं दार घातलेलं नाही, कारखान्याच्या कुणी माणसाने मला तसं सांगितलेलं नाही.

"तुम्ही सांगितलंत, भीती कमी होईल असं चित्र काढा," हेमांगी म्हणाली.

"हो. सगळ्यांना तेच सांगतो. यंत्र भीती मोजतं, हेमांगीताई. खरं-खोटं मोजत नाही. तुमचा लेप स्वच्छ झाला, मी समजलो तुम्ही बऱ्या झालात."

"आणि बाकीच्या अकरा जणी? त्यांनी सगळ्यांनी एकच दार कसं उघडलं?"

 डॉक्टरांची नजर उघड्या दरवाजातून मोठ्या खोलीच्या भिंतीकडे गेली. हेमांगीने तिकडे पाहिलं आणि तिला समजलं. त्या बायका गोळी घेऊन, कपाळाला पट्टा बांधून, आठवण पुरती ओली असताना याच खोलीत बसत. समोर तिची फळी असे. घाबरली की बाई मान वर करी आणि तिच्या नजरेस ते उघडं दार पडे. हेमांगी स्वतः त्यांच्या पाठीवर हात ठेवून सांगायची, बघा, मीही यातूनच बाहेर आले. तिने फक्त स्वतःची आठवण बदलली नव्हती. अकरा जणींच्या डोक्यात तिने स्वतःच्या हाताने दार उघडलं होतं, आणि त्या दारातून एक निरपराध माणूस तुरुंगात गेला होता.

डॉक्टरांनी तिला एका गोष्टीची कल्पना दिली. खालचा थर उघडला तरी मूळ आठवण परत येणार नाही, ती गेली. पण भीतीचे दुवे आठवणीपासून वेगळे असतात, ते कदाचित जागे होतील. म्हणजे भीती येईल आणि ती कशाची हे मात्र कळणार नाही. ते म्हणाले की असं झालेला एक रुग्ण मी पाहिला आहे, पुन्हा पाहायची इच्छा नाही.

दुसऱ्या दिवशी हेमांगी सुगंधा भाटकरकडे गेली. वाचलेल्यांपैकी सुगंधा सर्वांत धीट, बाकीच्या तिचं ऐकायच्या. ती अंगणात जवळा वाळत घालत होती. हेमांगीने इकडचं तिकडचं बोलून दाराचा विषय काढला. सुगंधा म्हणाली, दार उघडं होतं, वारा आला तोंडावर, मी चालत बाहेर आले. हेमांगीच्याच फळीवरचा उजेड ती शब्दांत सांगत होती.

"चालत आलात तर हे कशाने झालं?" हेमांगीने विचारलं.

सुगंधाच्या दोन्ही कोपरांवर आणि डाव्या खांद्यावर जुने, रुंद व्रण होते, पत्र्याच्या कडेने सोलून निघावं तसे. हेमांगीने ते आधीही पाहिले होते. तसेच व्रण आणखी तिघी-चौघींच्या अंगावर होते आणि तिने त्याचा कधी विचार केला नव्हता. कारखान्याच्या भिंतीत बर्फाच्या लाद्या आत सरकवायची एक खिडकी होती, दोन वीत उंच, पत्र्याची. अंगाने बारीक बाईलाच तिच्यातून जेमतेम निघता आलं असतं. रेवती अंगाने भरलेली होती.

"पडले असेन कुठं तरी," सुगंधा म्हणाली. ती कोपराकडे बघत राहिली. तिचा श्वास जोरात चालू झाला, हातातला जवळा खाली सांडला, आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं, जणू तिला कसला तरी उग्र वास आला होता. हेमांगी पुढे झाली तशी सुगंधाने दोन्ही हातांनी तिला दूर ढकललं. "झोप दिलीत तुम्ही मला. आता ती काढून घ्यायला आलात? जा तुम्ही. परत येऊ नका."

हेमांगी घरी आली. तिची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. गेले काही महिने ती रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की एकच गोष्ट विचारायची, रेवू शेवटी काय म्हणाली गं. हेमांगी सांगायची, ती म्हणाली मी बाहेर पडतेय. आई म्हणायची, म्हणजे घाबरली नव्हती. मग ती जेवायला बसायची. हे ऐकल्याशिवाय तिला घास जात नसे.

त्या संध्याकाळी हेमांगीने आईला सगळं सांगितलं. आयोगापुढे ती फळी उघडायची ठरवलंय, हेही सांगितलं.  आई म्हणाली, "मग ती काय म्हणाली?"

"मला माहीत नाही, आई."

"तू सोडून कुणीच ऐकलं नव्हतं," आई म्हणाली. तिने ताट बाजूला सारलं आणि ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. हेमांगीला वाटलं, आपण रेवतीला दुसऱ्यांदा मारलं. फळी आहे तशीच भिंतीवर राहू दिली असती तर आई जेवली असती, सुगंधा झोपली असती, स्वतः आपणही सुखात असतो. आयोगाला काहीच कळलं नसतं. एका माणसाच्या आयुष्याचाच काय तो प्रश्न होता. हा विचार तिच्या मनात इतक्या सहजपणे आला की ती दचकली. पहिल्या बैठकीला डांबराचा डबा उघडला तेव्हाही आपण असाच काही तरी विचार केला असेल, असं तिला वाटलं.

आयोगाची सुनावणी तालुक्याच्या सभागृहात होती. अध्यक्षस्थानी एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. जुनी चित्रं दुरुस्त करणारे एक तज्ज्ञ मुंबईहून आले होते. फळी टेबलावर आडवी ठेवली होती. मागच्या बाकावर शमीम होती, डॉक्टर होते, कारखान्याचे वकील होते. सुगंधा नव्हती.

तज्ज्ञांनी गरम वाफेचा बारीक झोत डांबरावर सोडला आणि पातळ सुरीने ते कडेकडेने उचलायला सुरुवात केली. डांबराचा वास सभागृहात पसरला. ओढणीचा तुकडा सुटून आला तो त्यांनी कागदावर नीट ठेवला. पाऊण तास लागला. मग त्यांनी कॅमेरा लावला आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर अक्षरं उमटली. पहिली ओळ आता पूर्ण दिसत होती.

'ताई, दार बाहेरून लावलंय.'

मागे कुणी तरी हुंदका आवरला. ती शमीम असावी. हेमांगीने मागे वळून पाहिलं नाही. पहिल्या ओळीखाली आणखी काही होतं, डांबराचा शेवटचा तवंग त्यावर राहिला होता.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "हे अक्षर तुमचं आहे?"

"माझं आहे."

"लिहिल्याचं आठवतं?"

"नाही."

"मग आज तुम्हाला काय आठवतं?"

"आजही हेच आठवतं, की रेवती म्हणाली दार उघडलंय. शपथेवर विचारलंत तर मी पुन्हा तेच सांगेन. म्हणून माझं ऐकू नका. माझ्या चित्रासमोर बसून बऱ्या झालेल्या बायकांचंही याबाबतीत ऐकू नका. त्यांच्या अंगावरचे व्रण बघा."

वकिलांनी हरकत घेतली की जिला स्वतःलाच आठवत नाही तिची साक्ष कसली. अध्यक्षबाईंनी ती लिहून घेतली. मग त्या सौम्यपणे म्हणाल्या की चौकशीपुरती ही ओळ पुरेशी आहे, खालचा मजकूर घरगुती असेल तर तो उघडायचं कारण नाही, तुम्ही सांगाल तसं करू.

 हेमांगीला काहीच आठवलं नव्हतं, तरी भीती चढत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते हेच, हे तिने ओळखलं. तिथेच थांबावं, असं तिचं सगळं शरीर सांगत होतं. त्या शरीराने एकदा तिला फसवलं होतं. तिने तज्ज्ञांना खूण केली.

तवंग निघाला. खाली दोन ओळी होत्या. अक्षर फार वेडंवाकडं होतं. सभागृहात सगळ्यांनी त्या वाचल्या, तरी हेमांगीने त्या मोठ्याने वाचून दाखवल्या, कारण रेवतीचे शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून यावेत असं तिला वाटलं नाही.

"'फोन ठेवू नकोस.'" ती थांबली. मग पुढची ओळ वाचली. "'मी ठेवला.'"

 ती तशीच उभी राहिली. तिला रडू येईना. पडद्यावरचे शब्द कुणा परक्या बाईच्या बहिणीचे वाटत होते. कारखान्याला फोन लावायला ठेवला असेल, मदत मागायला ठेवला असेल, नाही तर ऐकवेना म्हणून ठेवला असेल. यातलं कुठलं खरं, हे सांगू शकणारी एकच बाई होती आणि तिला हेमांगीनेच डांबराने बुजवून टाकलं होतं.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. तिसऱ्या दिवशी सुगंधा आपणहून आयोगापुढे आली. म्हणाली, मला अजून दार उघडंच दिसतं, पण हे व्रण दाराचे नाहीत. तिच्यानंतर आणखी चार जणींनी आपले हात दाखवले. तज्ज्ञांनी अकरा फळ्यांपैकी नऊ फळ्यांखाली बंद दार शोधून काढलं. तेव्हा कुठे कारखान्याच्या पहारेकऱ्याला तोंड फुटलं. पाळी चालू असताना बायका मधेच बाहेर जातात म्हणून कुलूप लावायचा हुकूम होता, किल्ली चौकीत असायची, आणि बचावपथक यायच्या आधीच आपण कुलूप काढून खाडीत फेकलं, असं त्याने कबूल केलं. इस्माईल सुटला. डॉक्टर केळुसकरांनी केंद्र बंद केलं. त्यांनी आपल्या अहवालात स्वतःची चूक कुठेही झाकली नाही.

हेमांगीला मात्र भीती चिकटली. फोन वाजला की तिचे हातपाय गार पडायचे, छातीत धडधडायचं, आणि डोळ्यांपुढे काहीच यायचं नाही. आठवण गेलेली, तिची भीती तेवढी उरलेली. आई तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. ओढणीचा तुकडा आईने मागून घेतला होता आणि तो उशाशी घेऊन ती झोपायची. तो डांबराने डागळला होता, तरी तिने तो धुऊ दिला नाही.

पुण्याला परत जाण्याआधी डॉक्टर हेमांगीला भेटून गेले. त्यांनी फार संकोचाने सांगितलं की लेप अजून माझ्याकडे आहे. दोन बैठकांत ही भीती जाईल. या वेळी चित्राचा फोटो ठेवू, सगळी काळजी घेऊ. हेमांगी 'विचार करते' म्हणाली. ती तीन दिवस खरंच विचार करत होती. चौथ्या दिवशी तिने डॉक्टरांचा नंबर लावला, घंटा वाजायच्या आत बंद केला, आणि तिला स्वतःची जितकी भीती वाटली तितकी आजवर कशाचीच वाटली नव्हती.

त्याच दुपारी ती मुकादमांच्या मोहल्ल्यात गेली. इस्माईल ओट्यावर जाळं विणत बसला होता. तो उठून उभा राहिला. तो आत जाऊन शमीमला बोलावून घेऊन आला आणि स्वतः मागल्या दाराने बाहेर गेला.

हेमांगीने पर्समधून एक कागद काढला. त्यावर तिने तीनही ओळी लिहिल्या होत्या, खाली तारीख आणि सही. तिने तो शमीमच्या हातात दिला.

"हा तुमच्याकडे ठेवा. मी कधी येऊन म्हणाले, की रेवती दुसरंच काही बोलली होती, तर मला हा वाचून दाखवा. मोठ्याने."

शमीमने कागद वाचला. दुसऱ्या ओळीशी ती थांबली, तिसऱ्या ओळीशी तिने वर पाहिलं, आणि कागदाची घडी घातली. या वेळी ती मागे सरकली नाही.

"आणि तुम्ही वाचू नको म्हणालात तर?"

"तरी वाचा," हेमांगी म्हणाली.